सर्जेराव खोतांची चौथी निवृत्ती

ऐका मंडळी, ऐका! आणि पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेत त्यांनी तर आधी सरका, कारण भिंतीला टेकलेल्याला झोप लागते, आणि झोपलेल्या माणसाला कुठलंही कीर्तन पटतं!

आज मारुतीरायाच्या पुढ्यात उभा राहून एकच प्रश्न विचारतो. चालायचं कसं — हे आई शिकवते. बोलायचं कसं — बाप शिकवतो. गप्प बसायचं कसं — बायको शिकवते! हसताय? म्हणजे शिकलेले दिसताय! पण थांबायचं कधी — हे माणसाला सांगायचं कुणी? हां? सांगा की! आता का खाली बघताय?

पंगतीतच बघा ना. वाढपी विचारतो, 'जिलेबी?' पोट म्हणतं नको, हात म्हणतो नको, आणि तोंड म्हणतं — 'दोनच वाढा!' पूर्वीचे राजे कसे? कानापाशी एक केस पांढरा दिसला, की आरसा बाजूला ठेवायचे आणि हाक मारायचे युवराजाला. 'ये बाबा, सांभाळ.' आताचे राजे? पांढरा केस दिसला की तेही हाक मारतात — पण न्हाव्याला! 'काळा कर रे!' आणि युवराज? युवराज बिचारा शेजारच्या खुर्चीत बसलाय, तोही केस काळे करायलाच!

श्वास मोजुनिया दिला । रेघ आखोनिया दिली ।
ज्याने वेळ ओळखिली । त्याची शोभा राहियेली ॥

हे कुणा संताचं वचन नाही हो. मीच जुळवलंय. चुकलं असेल तर शिव्या मला द्या, संतांना नकोत!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आख्यानात आज धनुष्य कुणाचं मोडणार? लंका कुणाची जळणार? काही नाही! आज आख्यान आहे कबड्डीचं! हो, कबड्डीचं. आणि ज्या देवापुढं उभं राहून सांगतोय तो कोण आहे? अहो, एका उडीत समुद्र ओलांडून, समोरच्याच्या अंगणात धुमाकूळ घालून, धडधाकट परत आला — यापेक्षा मोठी चढाई कुणी केली का?

मागच्या आयाबायांसाठी खेळ सांगून ठेवतो, नाहीतर घरी जाऊन म्हणाल बुवा काय बोलले कळलंच नाही. इकडं सात, तिकडं सात, मधे रेघ. एकानं समोरच्यांच्या अंगणात जायचं, एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत. कुणाला तरी शिवायचं आणि परत यायचं — ही चढाई. समोरच्यांनी धरून ठेवला तर बाद. दम तुटला, मधेच दुसरा शब्द तोंडातून निघाला, तरी बाद! बाद झालेल्यानं बाहेर जाऊन बसायचं. त्याला पोरं म्हणतात — 'मेला'. आणि आपल्या गड्यानं समोरचा एक मारला, की बाहेरचा मेलेला एक जिवंत! उठायचं, आत जायचं! बघा मंडळी, आपण मोक्ष मोक्ष करत आयुष्य घालवतो, आणि या खेळात माणूस एका सामन्यात सहादा मरून सहादा उठतो. मग त्याला वाटायला लागतं, आपण मरतच नाही! इथंच गोष्ट सुरू होते.

कृष्णेच्या काठी आंबेगव्हाण नावाचं गाव. तिथं सर्जेराव खोत. विसाव्या वर्षी साखर कारखान्याच्या संघानं उचललेला पगारी खेळाडू. हजेरीपटावर हुद्दा काय? टाइमकीपर! देवाची थट्टा बघा, ज्याला पुढं वेळ कळली नाही, त्यालाच वेळ राखायला बसवलेला! बसला मात्र कधी नाही. पण मंडळी, खोटं बोलणार नाही. खेळाडू होता! एकदा पाच जणांनी धरला — दोघं पायाला, दोघं कमरेला, एक पाठीवर. पाच! आणि हा गडी त्या पाचांना ओढत ओढत आला आणि रेघेला बोट लावलं! लोकांनी फेटे उडवले हो. तीन जिल्ह्यांत पोरं जन्मली की बाप म्हणायचे, 'सर्जेराव होऊ दे.'

आता वय किती? खरं वय त्रेचाळीस. शाळेच्या दाखल्यावर एकोणचाळीस. आणि मनात? मनात चोवीस! एका माणसाला तीन वयं. गुडघ्याचं विचाराल, तर त्याची साठी कधीच झालेली.

बरं, सर्जेराव निवृत्त झाले नव्हते असं नाही. तीनदा झाले होते! पहिल्यांदा अडतिसाव्या वर्षी. काय तो सोहळा! फेटा, शाल, श्रीफळ, हलगी, उघड्या जीपमधून मिरवणूक. कारखान्याच्या अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं. त्यात सर्जेराव चार मिनिटं, बाकी सगळा ऊसदर! मग सर्जेराव उठले. 'ह्या मातीनं मला मोठं केलं...' म्हणाले आणि रडले. सगळे रडले. पोरंबाळं रडली. फ्लेक्सवर लिहिलं होतं — 'अखेरचा सामना'.

दसरा आला. हलगी वाजली. आणि मैदानाच्या कडेला कोण उभं? सर्जेराव! 'काय दादा?' 'काय न्हाई रं, नुसतं बघाय आलोय.' मंडळी, दारू सोडलेला माणूस गुत्त्याच्या दारात 'नुसतं बघायला' आला, की काय समजायचं ते समजावं. पहिल्या दिवशी बघितलं. दुसऱ्या दिवशी बूट घालून बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'जरा अंग मोकळं करतो.' चौथ्या दिवशी संघात!

मग दुसरी निवृत्ती. मग तिसरी. पहिल्या निवृत्तीला गावाला बुंदी होती, दुसरीला शिरा, तिसरीला नुसता चहा, तोही अर्धा कप. फ्लेक्सवाल्यानं तर मजकूर संगणकात तसाच ठेवला होता, नुसतं साल बदलायचा. घरी शाली झाल्या अकरा. सर्जेरावांची बायको मालनबाई, बाई मोठी खमकी! तिनं उशांना सत्काराच्या शालींच्या खोळी शिवल्या. पाहुणे यायचे आणि थेट सर्जेरावांच्या सन्मानावर डोकं ठेवून झोपायचे!

एकदा ही माउली गुडघ्याला तेल चोळत म्हणाली,

'आवं, डाक्तर काय म्हनला ऐकलासा न्हवं? आनि एकदा वाईट पडलासा तर काठी हातात.'

'डाक्तरानं कधी चढाई केलीया का?'

'केली न्हाई म्हनूनच त्येचं गुडघं शाबूत हाईत!'

'मालन, तुला कळायचं न्हाई. गेल्या हंगामात बावन्न गुण मारल्यात म्या. बावन्न! म्हातारा मारंल का?'

आता इथं मालनबाई तेलाची वाटी उचलून आत गेली. कारण बावन्न खरे होते. मंडळी, तुम्हीही म्हणाल, बुवा, त्रेचाळिसाव्या वर्षी बावन्न गुण मारतोय, मग खेळू द्या की! तुमचं काय जातंय? थांबा. आता तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. सर्जेरावांना सांगू नका!

सामन्याआधी काय व्हायचं, समोरच्या संघाची पोरं रांगेनं येऊन सर्जेरावांच्या पाया पडायची. आपली रीत आहे, चांगली रीत आहे. सर्जेराव एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायचे, 'यशस्वी हो बाळा, यशस्वी हो.' सामना संपला की परत तेच. रस्त्यात तेच. कारखान्याच्या फाटकात, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत — कुणी वाकलं, की हात पुढं आणि तोंडात 'यशस्वी हो'! इतकी सवय, की मालनबाईच्या हातातला चमचा खाली पडला आणि ती उचलायला वाकली, तर तिलाही म्हणाले, 'यशस्वी हो!' ती म्हणाली, 'भाकरी थापायला निघालेय, निवडणुकीला न्हाई!'

आणि पाया पडून झाल्यावर समोरचा कप्तान आपल्या पोरांना बाजूला घेऊन काय सांगायचा? 'हे बघा, दादांना धरायचं न्हाई. गुडघा मोडला तर पाप आपल्या डोक्यावर. शिवू द्या, जाऊ द्या. एक-दोन गुणांनी काय व्हतंय?' झालं! सर्जेराव चढाईला गेले की समोरची पोरं कशी खेळायची? नाटकमंडळीसारखी! हे हात पुढं करायचे, ते 'अरारारा' करून आपणच पडायचे, एकजण खांदा पुढं आणून द्यायचा — शिवा दादा! सर्जेराव शिवायचे, परत यायचे, मांडीवर थाप मारायचे. लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ठाऊक! पंचांनाही ठाऊक! ठाऊक नव्हतं फक्त एकाला. मंडळी, ते बावन्न गुण नव्हते हो. ती बावन्न घरची भिक्षा होती, आणि हा भोळा माणूस त्याला कमाई समजत होता.

मग कुणी सांगायचं? त्यांचे प्रशिक्षक होते बबन मास्तर. हे मास्तर कोण? एकेकाळी सर्जेरावांची पिशवी उचलणारे! ज्याची पिशवी उचलली त्याला 'बस खाली' कसं म्हणायचं? अध्यक्षांनी सांगावं? अध्यक्षांना निवडणुकीत सर्जेराव व्यासपीठावर हवे असायचे. आणि अध्यक्ष तरी कुठल्या तोंडानं सांगणार, ते स्वतः सहाव्यांदा उभे होते! अहो पुढच्या रांगेतले, तुम्ही कशाला घसा खाकरताय? मी कारखान्याचं बोलतोय, देवस्थानाचं नाही!

राहता राहिला विक्रम शेळके. हा विक्रम बाविसाव्या वर्षी संघात आला. चढाईपटूच. पाय असा, की उंबऱ्यावरून मांजर गेलं तरी आवाज होईल, याचा होणार नाही. पण चढाई सर्जेरावांची! मग विक्रमला उभं केलं पाठीमागं, पकडीला. 'थांब लेका, दादा यंदा बसणार हाईत.' थांबला. पहिली निवृत्ती झाली — पोरगं हसलं. दसरा झाला — पोरगं मागं गेलं. दुसरी झाली, तिसरी झाली. असं करता करता विक्रम झाला एकोणतीस वर्षांचा! राज्याच्या संघात तिशीच्या आत घेतला तर घेतला, नाहीतर हरी हरी. दरवेळी सामन्याआधी हा पाया पडायचा, सर्जेराव म्हणायचे 'यशस्वी हो', आणि त्याच्या यशाच्या वाटेवर स्वतःच पाय रोवून उभे राहायचे. दुष्टपणानं नाही हो! प्रेमानंच! विक्रमच्या लग्नात यांनी अक्षता वाटल्या होत्या. दुष्टाशी भांडता येतं मंडळी, प्रेमाच्या माणसाशी कसं भांडणार?

आणि आला तो दिवस. हनुमान जयंतीची स्पर्धा, कारखान्याचं मैदान, अंतिम सामना. समोर कासारखेडचा संघ. राज्याच्या निवड समितीचे एक गृहस्थ खास आलेले, मांडीवर वही, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांना हवा होता एक चढाईपटू. मास्तरांनी सकाळी धीर केला. सर्जेरावांच्या घरी गेले, चहा प्याले, दुसरा कप प्याले, आणि मग म्हणाले,

'दादा, आज चढाया विक्रमला देऊया का? त्येचं हे शेवटचं वरीस हाय. ते साहेब आल्यात बघाय.'

सर्जेराव काय म्हणाले असतील? रागावले? छे! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. 'मास्तर, इचारताय काय? माझ्या धाकट्या भावासारखा हाय त्यो. मारुतीची शपथ, आज मी दोन चढाया घेतो, नुसत्या सलामीच्या. बाकी सगळ्या त्येच्या. आणि आज संध्याकाळी माझी निवृत्ती. खरीखुरी!'

मालनबाई आतून म्हणाली, 'फ्लेक्सवाल्याला फोन करू का? साल तेच हाय, बदलाय बी नको.'

सामना सुरू झाला. पहिली चढाई सर्जेराव. गुण! दुसरी सर्जेराव. गुण! लोक ओरडले, 'सर्जेराव! सर्जेराव!' मंडळी, हे तुमच्या-माझ्यासारख्याचं नाव नाही घेत कुणी असं, म्हणून आपल्याला कळायचं नाही. दोन हजार तोंडांतून आपलं नाव निघालं की माणसाचं काय होतं? विक्रम पुढं निघाला होता, एक पाऊल टाकलं होतं त्यानं रेघेकडं. सर्जेरावांनी त्याच्या छातीवर हळूच हात ठेवला. 'एकच. लोक म्हनत्यात म्हनून.' एकच! मग आणखी एकच! असं एकेक करत किती झाल्या? सतरा! मारुतीची शपथ घेतली होती दोनची. मारुतीराय काय म्हणाले असतील? म्हणाले असतील, 'बाबा, मी द्रोणागिरी आणला तो मोजून एक. तू हिशेबात माझ्याही पुढं गेलास!'

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली. गुण किती? एकतीस — एकतीस. आता नियम असा, की दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईला गुण आणायचाच, नाहीतर बाद. तशी ती तिसरी होती. सगळं मैदान उभं. निवड समितीच्या साहेबांनी काळा चष्मा काढला. मास्तर कडेवरून ओरडले, 'विक्रम! विक्रम जा!' विक्रमनं हात मातीला लावला, कपाळाला लावला, आणि मान वर केली —

सर्जेराव निघालेसुद्धा होते! 'अशा येळंला पोरासोरांचं काम न्हाई,' म्हणाले. एकोणतीस वर्षांचा पोरसोर!

'कबड्डी कबड्डी कबड्डी...' सर्जेराव समोरच्या अंगणात. डावीकडं गेले, एक पोरगं आपणच पडलं, पण लांब पडलं, हात पोचला नाही. उजवीकडं आले. उजव्या कोपऱ्यात एक नवा गडी उभा. सुजय लाड नाव त्याचं. वय वीस. अंग सडपातळ, नजर खाली. सर्जेरावांनी पाय पुढं टाकला त्याला शिवायला. आणि तो पोरगा वाकला! कमरेतून वाकला, दोन्ही हात पुढं, थेट सर्जेरावांच्या घोट्याला!

आता काय झालं असेल, सांगा! सांगा की!

सर्जेरावांचा उजवा हात आपोआप उचलला गेला. पोराच्या डोक्यावर टेकला. आणि 'कबड्डी कबड्डी' थांबवून, भर सामन्यात, दोन हजार लोकांच्या देखत सर्जेराव म्हणाले —

'यशस्वी हो, बाळा!'

शिट्टी! पंच म्हणाले, 'दम तुटला! चढाईपटू बाद!'

मग कुठंतरी कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं. मग सगळं मैदान! अहो पंच हसले, पाणीवाला हसला, अध्यक्ष हसले! तीन जिल्ह्यांत ज्याच्या नावानं पोरं वाढली त्याला लोक पोट धरधरून हसले. तुम्हीही हसलात. मीही दर वेळी हे सांगताना हसतो. पण मंडळी, तो माणूस तिथं उभा होता हो. तेवीस वर्षांत त्यानं हार बघितली होती, दुखापत बघितली होती, पण हसणं बघितलं नव्हतं. त्याला लाज वाटली. धरणीनं पोटात घ्यावं अशी लाज वाटली.

आणि तो सुजय? त्यानं घोटा सोडलाच नव्हता! शिट्टी झाली तरी दोन्ही हातांची मिठी तशीच. सर्जेराव खाली बघून म्हणाले,

'सोड रं आता. पाया पडून झालं न्हवं?'

पोरगं रडकुंडीला आलं. 'दादा, माफ करा. मी पाया पडत नव्हतो. मी धरत होतो.'

'धरत होतास? मला? तुझ्या कप्तानानं सांगितलं न्हाई, मी कोन हाय?'

'काय ते?' पोरगं बोलून गेलं. 'दादांना धरू नका म्हनून? सांगितलं की. सगळ्यांनाच सांगत्यात. पर माझा बाप तुमचा भक्त हाय. त्यो निघताना म्हनला, सर्जेरावाला फुकट सोडलास तर घरात घेनार न्हाई. त्यो खेळाडू हाय, त्येला खेळाडूवानी धर.'

सगळ्यांनाच सांगतात! मंडळी, त्या एका वाक्यानं बावन्न गुण गेले. एकेक सामना आठवला. ते पडणारे गडी, ते पुढं आलेले खांदे, ते 'अरारारा'. माणूस एका जागी उभ्यानं सात वर्षांनी म्हातारा झाला. मग त्यानं काय करावं? त्यानं सुजयला हाताला धरून उठवलं. म्हणाला, 'बाप कुठाय तुझा? त्येला सांग, इतक्या वर्सांत तेवढ्या एकानंच माझा मान ठेवला.' आणि लंगडत बाहेर जाऊन बसला, बाद झालेले बसतात तिथं.

बत्तीस — एकतीस. कासारखेडचा गडी आला, रिकामा गेला. आता चढाई कुणाची? विक्रमची! आता कुणी अडवायला नव्हतं. सात वर्षं साठवलेली चढाई ती! गेला, वळला, उजव्या पायाची टाच मागं फेकली, कोपऱ्यातला एक टिपला आणि वाऱ्यासारखा परत! बत्तीस — बत्तीस! मैदान नाचायला लागलं.

आणि आता ऐका, कान देऊन ऐका. समोरचा एक मेला म्हणजे आपला एक जिवंत! बाहेर मेलेला कोण होता? एकटे सर्जेराव! पंचांनी हात केला, 'खोत, जिवंत! आत या!'

लोक ओरडले, 'सर्जेराव! सर्जेराव!' आत्ताच हसले होते, तेच! लोकांचं काय घेऊन बसलात! गुडघा उचलायला लागला. खरंच सांगतो, तो गुडघा आपणहून उचलायला लागला. डॉक्टरकडं न उठणारा गुडघा, बायकोच्या तेलानं न उठणारा गुडघा, नावाच्या हाकेनं उठायला लागला! खेळ म्हणतोय ये, लोक म्हणतायत ये, नियम म्हणतोय ये — जिवंत झालास!

सर्जेरावांनी दोन्ही हातांनी आपला गुडघा दाबून धरला. पाच जणांना ओढून आणणारे हात ते. स्वतःच्याच गुडघ्याला पकड! आणि म्हणाले,

'मास्तर, बदली गडी घाला. मी बसतो.'

मास्तरांना ऐकू गेलं, पण खरं वाटेना. 'दादा?'

'आवं बसतो म्हनलं ना! लवकर घाला, येळ चाललाय.'

तेवीस वर्षांत पहिल्यांदा टाइमकीपरचं काम केलं हो गड्यानं!

आता तुम्ही विचाराल, बुवा, मग जिंकले का? तुम्हाला वाटत असेल, एवढा त्याग केला म्हणजे देव वरून फुलं टाकणार! नाही. शेवटची चढाई कासारखेडची. त्यांनी एक गुण मारला आणि शिट्टी झाली. तेहतीस — बत्तीस. एका गुणानं हरले. आणि निवड समितीचे साहेब? त्यांच्या वहीत अठरा चढाया सर्जेरावांच्या, एक विक्रमची. एका चढाईवर कोण निवडतं? साहेबांनी वही मिटली, नारळपाणी प्याले, गेले. विक्रम राज्याच्या संघात गेला नाही, मंडळी. कधीच गेला नाही. हे गोड करून सांगता येत नाही, आणि सांगूही नये. आपण जागा अडवतो तेव्हा आपलं काही जात नाही, दुसऱ्याचं वय जातं. ते आपल्या पश्चात्तापानं परत येत नाही.

त्या संध्याकाळी सत्कार झाला नाही. कुणी भाषण केलं नाही. सर्जेराव पाय ओढत विक्रमच्या घरी गेले. विक्रम अंगणात बसून पायाची पट्टी सोडत होता. दादांना बघितल्याबरोबर उठला, आणि सवयीनं वाकायला लागला. सर्जेरावांनी त्याचे खांदे धरले.

'वाकू नगंस. आज म्या वाकाय आलोय. तुझी सात वर्सं खाल्ली रं म्या.'

विक्रमनं खांद्यावरचे हात बाजूला काढले. राग होता त्याला. का नसावा? मग म्हणाला,

'व्हय दादा. खाल्लासा.' थांबला, आणि म्हणाला, 'पर वाढलं कुनी? मीच. परत्येक सामन्याला तुमच्या पाया पडलो. खाली वाकून मनात शिव्या द्यायचो, आनि वर उठून हसायचो. एकदा, फकस्त एकदा, उभा राहून म्हनलो असतो — दादा, आता बसा. तर तुमी ऐकलं असतंसा का?'

'न्हाई,' सर्जेराव म्हणाले. 'पयल्यांदा न्हाई ऐकलं असतं. चिडलो असतो. दोन म्हैनं बोललो नसतो तुझ्याशी.'

'आनि मग?'

'मग ऐकलं असतं.'

झालं आख्यान! आता तुमची पाळी.

घरोघरी सर्जेराव आहेत, मला ठाऊक आहे. सत्तरीला किल्ल्या कमरेला बांधून झोपणारे आहेत. सुनेला पंचवीस वर्षं झाली तरी आमटीला फोडणी आपणच देणाऱ्या आहेत. अहो, देवळाच्या कमिटीत असे आहेत, की मूर्तीचा जीर्णोद्धार झाला, शिखराचा झाला, यांचा होईना! मी नावं घेत नाही. पण मंडळी, त्यांच्यावर नुसतं हसून घरी गेलात, तर कीर्तन वाया गेलं. कारण आजचा प्रश्न त्यांचा नव्हताच. मी विचारलं होतं, थांबायचं कधी, हे माणसाला सांगायचं कुणी? त्याचं त्याला कळत नाही, हे तर दिसलं. दोन हजार माणसं नावानं ओरडत असताना कुणाला कळणार?

तेव्हा सर्जेरावांना सोडा. मी तुम्हाला विचारतोय — तुम्ही जे वाकता, त्यांना! आता आरती होईल. आरती झाली की तुम्ही उठाल, वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल. साहेबांच्या, शेठच्या, अध्यक्षांच्या, आणि सवयीनं या बुवाच्याही पडाल. पडा! अवश्य पडा! पण वाकल्यावर मनात जे बोलता, ते उठल्यावर तोंडावर बोलाल का? चिडतील. चिडू द्या. दोन महिने बोलणार नाहीत, नाही बोलले तर नाही. ज्याच्यावर माया आहे त्याच्यासाठी दोन महिन्यांचा अबोला सोसता येत नसेल, तर ते पाया पडणं कसलं?

आणि माझं म्हणाल, तर मी एकसष्ट वर्षांचा आहे. वरचा स्वर गेल्या वर्षीपासून लागत नाही. तुम्ही मान डोलवता. तीन गावं फिरलो, तिन्ही गावांत मान डोलवली लोकांनी. आज हात जोडून विचारतो, आहे का तुमच्यात कुणी कासारखेडचं? असेल तर आरती झाल्यावर पाया पडायला येऊ नका. समोर या, उभं राहा, आणि मला खरं काय ते सांगा. मी इथंच बसलोय.

बोला, ज्यानं उडी घेतली आणि काम होताच रामापुढं हात जोडून मागं उभा राहिला, त्या मारुतीरायाचा — जयजयकार!